मंगळवारचं कर्नल

मी नक्की काय काम करते हे कुंभकोणममध्ये कुणालाच नीट ठाऊक नाही, आणि त्याचं बरंचसं श्रेय आईला जातं. संगणकाच्या अगदी पोटात एक मूळ प्रोग्राम असतो. त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामला ना डिस्कला हात लावता येतो ना मेमरीला. त्याला कर्नल म्हणतात. एवढं मी आईला एकदा समजावून सांगितलं. तिने त्यातला शेवटचा शब्द तेवढा उचलला आणि शेजारच्या बाईंना तमिळमध्ये सांगून टाकलं की पोरगी एका कर्नलसाहेबांच्या हाताखाली कामाला आहे, फक्त ते कधी घरी येत नाहीत. तेव्हापासून गल्लीत माझा मान वाढला आहे. मीही खुलासा करायच्या भानगडीत पडले नाही.

शिक्षण आणि पहिली नोकरी पुण्यात झाली. तिथे माझं मराठी ऐकून लोक आधी हसायचे आणि मग अजून काहीतरी बोल म्हणून मागे लागायचे. आमची भाषा तंजावरच्या मराठी दरबाराबरोबर इकडे आली आणि पुढे तिची तिकडच्या मराठीशी गाठच पडली नाही, त्याला मी काय करणार? हे लिहिते आहे ते मराठी पुण्यात कमावलेलं. घरात मात्र दार लोटलं की आई आणि मी जुन्याच भाषेत बोलतो, आणि बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. वडील गेल्यावर आई एकटी पडली, तेव्हा मी कंपनीला सांगून काम घेऊन इकडे आले. आमच्या टीमचे प्रमुख पुण्याचे. ते मला फोनवर ‘काय तंजावर’ म्हणून हाक मारतात. माझं गाव कुंभकोणम आहे, तंजावर नव्हे, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल, पण त्यांना चिडवण्यात गोडी वाटते आणि मी चिडते, त्यामुळे हे असंच चालू राहणार.

मी सांगते आहे ती गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली. आमची कंपनी डोळ्यांच्या लहान दवाखान्यांसाठी एक छोटा संगणक बनवते. टिफिनच्या डब्याएवढा असतो, आत पंखासुद्धा नाही. त्यात पेशंटचं नाव, फोन, आधीची दुखणी, ऑपरेशनं आणि डोळ्यांचे फोटो, सगळं राहतं. पुढच्या आवृत्तीत त्याचं कर्नल कडक करायचं ठरलं होतं. कडक म्हणजे काय, तर कुठलाही प्रोग्राम कर्नलकडे काही मागायला आला की त्याची नीट तपासणी करायची, आणि तो परत जाताना दुसऱ्याचं काही त्याच्या हाती लागू नये म्हणून मागचं सगळं पुसून घ्यायचं. याला वेळ लागतो. एका खेपेला डोळ्याची पापणीही लवणार नाही इतका कमी, पण खेपा अगणित असतात. एकूण वेळ किती वाढतो, हे मोजायचं काम माझ्याकडे आलं.

प्रमुखांनी स्पष्टच सांगितलं होतं. ‘दवाखान्यांची आधीच कुरकुर आहे, डबा हळू चालतो म्हणून. तुमच्या कडकपणामुळे माणसाला जाणवेल इतका उशीर व्हायला लागला, तर आपण तो काढून टाकणार. मग मला कुणी सुरक्षेवर व्याख्यान द्यायचं नाही.’

मला तो कडकपणा हवा होता. त्या डब्याचं पोट मी पाहिलेलं आहे. तिथे एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या खोलीत डोकावणं किती सोपं आहे हे मला माहीत आहे. आणि या डब्यांपैकी एक आमच्याच गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात आहे. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथे झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. म्हणजे माझी आई त्या डब्यात होती. तिला उघड्यावर ठेवायची माझी तयारी नव्हती.

गंमत अशी की डबा हळू चालतो म्हणून कुरकुर करणाऱ्यांतही आई होतीच. दवाखान्यातून परत आली की तिचं सुरू व्हायचं. ‘ती काउंटरवरली पोरगी टकटक करीत बसते, आणि आम्ही अस्के तोंडें पाहत बसतों. तिरुप्पनंदाळाहून लोक येतात गे, बस चुकते त्यांची.’

अस्के म्हणजे सगळे. हा शब्द मी पुण्यात एकदा वापरला होता, त्यावर अर्धा तास चर्चा झाली होती.

एकदा मी तिला माझं मोजमाप समजावून सांगायला बसले. म्हटलं, तुझ्या सैपाकघरासारखं आहे बघ. बाहेरून आलेल्या माणसाने पाय धुतल्याशिवाय तू आत घेत नाहीस, मग ते काका पापनाशमहून आलेले असोत की मी अंगणातून मिरची तोडून आलेली असो. कर्नलही आता तसंच करणार आहे. आईला हे पटकन पटलं. ती म्हणाली, ‘मग बेस आहे. करूं दे कीं.’ मी म्हटलं, पण त्यात वेळ जातो. ती म्हणाली, ‘जातोच.’ आणि दळण पाहायला निघून गेली.

आता मोजायचं कसं, ते सांगते. मधल्या खोलीत टेबलावर डबा ठेवला होता. आधी जुन्या कर्नलवर ठरावीक कामं करून घ्यायची: पेशंट शोधणं, त्याचा इतिहास उघडणं, पावती छापणं, डोळ्यांचे फोटो दाखवणं, हेच पुन्हा पुन्हा. मग डबा बंद करून कडक कर्नल चढवायचं आणि तीच कामं परत. दोन्ही वेळांतला फरक म्हणजे कडकपणाची किंमत. एका फेरीला साधारण दीड तास लागायचा.

आणि इथेच राहुकाळ आडवा आला.

आमच्याकडे भिंतीवर रोज पान फाडायचं तमिळ कॅलेंडर असतं. त्यावर त्या दिवसाचा राहुकाळ छापलेला असतो. तोही दीड तासाचा, आणि वाराप्रमाणे त्याची वेळ बदलते. सोमवारी तो सकाळीच उरकतो, शुक्रवारी दुपारच्या तोंडावर येतो, बुधवारी भर दुपारी, मंगळवारी ऊन कलायला लागल्यावर. या वेळात नवं काम सुरू करायचं नाही. आई रोज सकाळी पान फाडते आणि मोठ्याने राहुकाळ वाचून दाखवते. पहिल्याच दिवशी तिने मला अडवलं.

‘तें नवें कर्नल आत्तां लावूं नको. राहुकाळ आहे.’

‘आई, यंत्राला कसला राहुकाळ?’

‘यंत्राला नाहीं. तुला आहे. जुनें काय तें करीत बैस, त्याला हरकत नाहीं.’

माझा राहुकाळावर काडीचा विश्वास नाही. पण आईशी वाद घालायला किती वेळ लागतो याचा अनुभव दांडगा आहे, आणि वेळ मोजणं हा तर माझा धंदाच. त्यामुळे मी बघता बघता एक झकास व्यवस्था लावली. राहुकाळात जुनं कर्नल चालवायचं, कारण ते नवं काम नव्हे. राहुकाळ संपला की लगेच नवं. दीड तासाला दीड तास, चोख बसलं. आई खूश, मी खूश. वर मी स्वतःची पाठही थोपटून घेतली, की राहुकाळ वाराप्रमाणे फिरतो म्हणजे आपली मापं आपसूक दिवसाच्या सगळ्या वेळांत विखुरली जातात. शास्त्रशुद्ध काम.

आकडे आले आणि माझा चेहरा उतरला. कडक कर्नल चांगलंच मंद निघालं. माणसाला जाणवेल इतकं, किंबहुना माणूस शिव्या देईल इतकं. मी पुन्हा मोजलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा. तेच. शेवटी जड मनाने आकडे पुण्याला पाठवले. लपवणं हा माझा स्वभाव नाही, आणि लपवून मोजमाप करायचं तर करायचंच कशाला?

प्रमुखांचा फोन आला. ते खरं तर वाईट वाटून बोलत होते. ‘हे फार आहे हो. पुढच्या बैठकीत आपण हे काढून टाकायचं ठरवू. तुमची मेहनत वाया नाही गेली, निदान कळलं तरी.’ मी बरं म्हटलं. मग कागद चाळल्याचा आवाज आला आणि ते हसले. ‘पण काय हो तंजावर, दर मंगळवारी तुमचं कडक कर्नल जुन्यापेक्षा जलद कसं काय धावतं? मंगळवारचा उपास करतं की काय?’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मंगळवारचे ते आकडे मी पाहिले होते. व्होल्टेज वरखाली झालं असेल, म्हणून सोडून दिले होते. पण दर मंगळवारी? जास्तीच्या तपासण्या करणारं कर्नल तपासण्या न करणाऱ्यापेक्षा जलद धावूच शकत नाही. पाय धुऊन येणारा माणूस न धुता येणाऱ्याच्या आधी पोचला, तर घड्याळ बिघडलेलं असतं किंवा मोजणाऱ्याचं डोकं.

मी चिडून मधल्या खोलीत गेले आणि डबा उचलायला हात लावला. हात झटकन मागे घेतला. तापलेल्या तव्यासारखा झाला होता तो. बाहेर वैशाखाचं ऊन, खिडकीतून गरम वारा, आणि या डब्याला पंखा नाही. असे डबे फार तापले की स्वतःला वाचवायला आपली गती आपणच कमी करतात. हे मला विद्यार्थी असल्यापासून माहीत आहे. दुसऱ्यांना शिकवलंसुद्धा आहे.

मग मी भिंतीकडे पाहिलं. कॅलेंडरवर त्या दिवसाचा राहुकाळ छापलेला होता.

सोमवारी जुनं कर्नल सकाळच्या गारव्यात चालायचं, नवं ऊन चढल्यावर. शुक्रवारी जुनं बाराच्या आधी, नवं टळटळीत दुपारी. बुधवारी नव्याच्या वाट्याला दिवसातली सगळ्यात वाईट वेळ, तीही आधीच्या फेरीने तापलेल्या डब्यावर. एकटा मंगळवार असा की जुनं उन्हात भाजून निघायचं आणि नव्याला संध्याकाळची झुळूक मिळायची. वेळा दिवसभर विखुरल्या होत्या खऱ्या, पण रोज आधी जुनं आणि मागून नवं. मी कर्नलचा कडकपणा मोजतच नव्हते. मी कुंभकोणमचं ऊन मोजत होते.

मी कपाळावर हात मारला आणि मोठ्याने हसले. आई धावत आली, तिला वाटलं मला शॉक बसला.

खरं तर मला रागावायला हवं होतं. तिच्यावर, स्वतःवर, त्या कॅलेंडरवर. पण मला इतका आनंद झाला होता की काही सुचेना. आकडे चुकीचे होते! म्हणजे कडकपणा अजून वाचू शकत होता. मी प्रमुखांना फोन करून सांगितलं की बैठक पुढे ढकला, माझं मोजमाप चुकलं आहे. कसं चुकलं हे विचारल्यावर मी सगळं सांगून टाकलं. मग ते म्हणाले, ‘मी एवढ्या वर्षांत मोजमाप चुकण्याची नाना कारणं ऐकली, पण हे नवीन आहे.’ त्यांनी बैठक पुढे ढकलली.

आता नीट मोजायचं तर कुठलं कर्नल आधी आणि कुठलं नंतर हे माझ्या हातात असता कामा नये. रोज नाणं उडवायचं, ते सांगेल ते आधी चालवायचं. आणि फेरी संपली की डबा निवेपर्यंत थांबायचं. पण नाण्याला राहुकाळ कळत नाही. कधीतरी ते नव्या कर्नलला नेमकं राहुकाळातच उभं करणार. मला आईशी बोलणं भाग होतं. भांडणाची पूर्ण तयारी करूनच मी गेले. ती पुढच्या दारी वेलीवरची पानं खुडत बसली होती.

मी सगळं सांगितलं. तिच्या नियमामुळे गफलत झाली असं म्हणताना जीभ अडखळली, पण म्हटलं. ती खुडायची थांबली.

‘माझ्यामुळें तें कडक करणें काढून टाकणार होते कीं?’

‘हो.’

‘आणि माझे कागद तिथें उघडे राहिले असते?’

‘तुझे आणि अस्क्यांचे.’

मग तिने विचारलं, ‘तें नवें कर्नल कधीं लावलेंस पहिल्यानें?’

‘झाले की तीन-चार आठवडे.’

‘चांगली वेळ पाहूनच लावलें होतें नं? मग तें आतां नवें कसें?’ ती म्हणाली. ‘सुरुवात झाली त्याची. तीन आठवडे घरांत नांदली ती सून नवी काय? आतां राहुकाळांत चालव, नाहीं तर कधींही चालव. जुनें झालें तें.’

एवढी सोपी वाट होती आणि मी भांडायला कंबर कसून आले होते. वर नाणं उडवायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. रोज सकाळी पान फाडून झालं की ती डब्यासमोर उभी राहायची, ऑपरेशननंतरचा काळा चष्मा सारखा करायची आणि मला विचारायची, ‘पू कीं तलै?’ तमिळमध्ये छापा-काट्याला तसंच म्हणतात, फूल की डोकं. डोकं आलं की कडक कर्नल आधी. सलग दोनदा फूल आलं तर ती कडक कर्नलची बाजू घेऊन हळहळायची, आणि मला सांगावं लागायचं की आपण कुणाचीच बाजू घ्यायची नाही. ‘मी घेत नाहीं,’ ती म्हणायची, ‘पण येऊं दे कीं त्याचा पण नंबर.’

नवे आकडे जमायला लागले तशी माझी झोप शांत होत गेली. पेशंट शोधणं, इतिहास उघडणं, पावती छापणं, यांत फरक इतका किरकोळ होता की डोळ्यांत तेल घालून पाहिला तरच दिसावा. मंगळवारही इतर वारांसारखा वागायला लागला. फक्त एक काम तसंच राहिलं. डोळ्यांचे फोटो उघडायला कडक कर्नल खरोखरच जास्त वेळ घेत होतं. ऊन नव्हे, व्होल्टेज नव्हे, खराच उशीर. तोही मी जसाच्या तसा लिहून पाठवला.

फोनवरच्या बैठकीत प्रमुख म्हणाले, ‘उत्तम. मग फोटोंपुरता कडकपणा काढू, बाकी ठेवू.’

तिथे माझा पारा चढला. मी म्हटलं, ‘अहो, कर्नल एकच असतं. एका कामापुरतं दार उघडं ठेवलं तर घर उघडंच की! आणि उघडं टाकायला तुम्हाला फोटोच सापडले? माणसाचा डोळा?’ आवाज जरा वरच गेला. मग मी आवाज खाली आणला आणि म्हटलं, मला थोडे दिवस द्या, उशीर का होतो ते मी शोधते.

शोधायला वेळ लागला नाही. आमच्याच फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रामची सवय वाईट होती. एक फोटो असंख्य बारीक तुकडे करून ठेवलेला, आणि प्रत्येक तुकड्यासाठी तो कर्नलकडे वेगळी खेप घालायचा. जुन्या कर्नलवर ते खपून जात होतं, कारण तिथे पाय धुवायचेच नव्हते. मीठ आणायला एकदा, मोहरी आणायला एकदा, हिंग आणायला पुन्हा एकदा, असा सैपाक केला तर दोष पाय धुण्याचा नाही. मी प्रोग्रामला सगळे तुकडे एका खेपेत मागायला लावलं. बदल अगदी थोडा होता. पुन्हा आईने नाणं उडवलं, पुन्हा आम्ही मोजलं. कडक कर्नलवर फोटो आता पूर्वी जुन्या कर्नलवर उघडायचे त्यापेक्षाही लवकर उघडत होते. या वेळी मी मंगळवार नीट तपासून पाहिला.

प्रमुखांनी आकडे वाचले आणि एकच वाक्य बोलले, ‘ठेवू या, कुंभकोणम.’

नवी आवृत्ती दवाखान्यांत जायला पावसाळा उजाडला. आईच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनआधीची तपासणी होती म्हणून मी बरोबर गेले. बाकावर नेहमीची गर्दी. आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ परतीच्या बसची वेळ पुन्हा पुन्हा बघत होते. मी मात्र काउंटरवरच्या पडद्यावर नजर ठेवून होते. घरातल्या टेबलावर मोजणं वेगळं आणि इथे, या बाकावरच्या माणसांत, वेगळं. काउंटरवरच्या मुलीने त्या गृहस्थांचं नाव टाकलं, मान डोलावली आणि त्यांना आत पाठवलं. मग आईचं नाव टाकलं. पडद्यावर लगेच आईचा डोळा आला. मोठा, तपकिरी, मधोमध धुकट ठिपका असलेला. मुलीने तो क्षणभर पाहिला, पुढच्या खोलीत पाठवला आणि पडदा रिकामा केला. तिला काही वेगळं घडल्याचं कळलंच नाही. बाकावरही कुणाला कळलं नाही. तिथे कुणी वाट पाहत होतं ती फक्त डॉक्टरांची.

मला एकाएकी भरून आलं. इतके दिवस ज्यासाठी भांडले ते हेच होतं, कुणाला काहीही न कळणं. आई डब्यात होती, आणि बंद दाराआड होती.

आईने वळून माझ्याकडे पाहिलं आणि काळा चष्मा वर केला.

‘तपासणार माझे डोळे,’ ती म्हणाली, ‘आणि पाणी तुझ्या डोळ्यांत कां गे?’